नोंदवहीत सदाफुली दोनदा, नरक्या एकदाही नाही

प्रति,
राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, गगनबावडा आणि शाहूवाडी तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पन्हाळा रोडला रोपवाटिका चालवतो. बावीस वर्षं झाली. तुमच्यापैकी काही जणांच्या बांधावरचे नारळ, काजू माझ्याच टेम्पोतून आलेले असतील, तेव्हा मी अगदीच परका नाही असं धरून लिहितोय.

यंदा आषाढात एका गावी काजूची कलमं उतरवायला गेलो होतो. बिलावर सही हवी होती आणि ग्रामसेवक तालुक्याला मीटिंगला गेलेले. पाऊस असा, की पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. ऑफिसात तास-दीड तास नुसता बसून होतो. कपाटावर स्पायरल बाइंडिंग केलेली एक जाड वही दिसली. वर ‘लोक जैवविविधता नोंदवही’ असं छापलेलं, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, जिवांची तुमच्या समितीनं ठेवायची वही. शिपायाला विचारून काढली आणि धूळ झटकून वाचायला बसलो. झाडांवर पोट असलेला माणूस दुसरं काय करणार?

औषधी आणि शोभेच्या वनस्पतींच्या तक्त्यात सातव्या नंबरला सदाफुली. उपयोग : मधुमेह. दोन पानं पुढे एकतिसाव्या नंबरला बारमासी. उपयोग : पूजेसाठी. झाड एकच. शास्त्रीय नाव दोन्हीकडे तेच, आणि दोन्हीकडे सारखंच चुकवलेलं. म्हटलं, असू दे, लिहिणाऱ्याचा हात चुकतो. मग नरक्या शोधायला लागलो, आपल्या डोंगरातलं औषधी झाड. नाही. अमृता या नावाखाली असेल म्हणून बघितलं, तर तिथे गुळवेल. त्याचीच दुसरी नावं कळगूर आणि घाणेरा, तीही नाहीत. घाणेरी म्हणजे टणटणी मात्र आहे, जी आपल्या देशातलीसुद्धा नाही आणि जिने तुमची निम्मी गायरानं खाल्ली आहेत. खिडकीतून समोर डोंगराची सोंड दिसत होती. तिच्या पोटात, ओढ्याच्या अंगाला, मी स्वतः नरक्याची झाडं बघितलेली आहेत.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण नंतर मुद्दाम आणखी दोन गावांत वही मागून घेतली. एका ठिकाणी नरक्या होता, पण उपयोगाच्या रकान्यात ‘जळण’ लिहिलेलं. दुसऱ्या ठिकाणी तेवढंही नाही.

हे असं का झालं, ते मला कळतं. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याच्या ४१ व्या कलमानं प्रत्येक ग्रामपंचायतीत तुमची समिती बसवायला सांगितली. समित्या कागदावर राहिल्या. मग समित्या आणि नोंदवह्या पुऱ्या करायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, नाहीतर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा दंड. तेव्हा जी पळापळ झाली तिच्यात कितीतरी नोंदवह्या घाईघाईत बांधल्या गेल्या. जे अंगणात दिसलं ते वहीत आलं. अंगणात सदाफुली दिसतेच. नरक्यासाठी डोंगर चढावा लागतो, तोही पावसाळ्यात, आणि जळवा लागतात.

तुम्ही म्हणाल, एवढ्या झाडांत या दोघांचंच काय लावलंय? तर ही दोन्ही कर्करोगाच्या औषधाची झाडं आहेत. एक आपल्याकडे उकिरड्यावर उगवतं आणि दुसरं आपल्याच डोंगरातून नाहीसं होत चाललंय. ही उलटापालट कशी झाली, ते मला तुमच्यापुढे मांडायचंय.

आधी सदाफुली. हिच्यावर माझा राग असायचं कारण नाही, माझ्या नोकराचा पगार तिच्यावर निघतो. गुलाबी, पांढरी, लाल डोळ्याची पांढरी, आता तर संकरित वाणात जांभळ्या-काळपट रंगाचीही आलीय. ट्रेमध्ये बी टाकलं की दोन-अडीच महिन्यांत कळी. मूळची ती मादागास्करची, पण ते आता तिलाही आठवत नसेल. पंचगंगेच्या घाटावर दगडांच्या सांध्यात ती आपोआप उगवते, कुणी पाणी घालत नाही, कुणी खत घालत नाही. शेळी तोंड लावत नाही, कारण पान कडूजहर. एका गोष्टीला मात्र ती भिते : पाण्याला. आमच्याकडे जुलैची झड लागली की ट्रेच्या ट्रे मुळापासून कुजून बसतात.

तिचं औषध सापडलं तेही चुकून. १९५२ मध्ये जमैकातून कॅनडातल्या क्लार्क नोबल नावाच्या डॉक्टरांकडे एक पाकीट आलं. आत सदाफुलीची पंचवीस पानं. जमैकात लोक तिचा काढा साखरेच्या आजारावर घ्यायचे. त्यांनी ती पानं आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबलकडे दिली. उंदरांना अर्क दिला तर रक्तातली साखर हलेना, पण उंदीर भराभर जंतुसंसर्गानं मरायला लागले. बघितलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. जे पांढऱ्या पेशी खाली आणतं ते रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल, हा धागा नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी धरला आणि १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती लागलं. पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन आलं, जे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही देतात. माझ्या मित्राचा मुलगा सहाव्या वर्षी त्या औषधावर होता. आता तो राजारामपुरीत मोबाइलचं दुकान चालवतो आणि आईसाठी झाडं न्यायला माझ्याकडे येतो. सदाफुली नेत नाही, त्याला तिचा वास आवडत नाही म्हणे.

जाता जाता, रंकाळ्यावर चक्कर मारून आल्यावर सदाफुलीची चार फुलं चावून खाणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यातले दोघे-तिघे माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांना मी उंदरांची ही गोष्ट दरवेळी सांगतो. ते दरवेळी हसतात आणि आणखी एक कुंडी नेतात. तुमच्या नोंदवहीत ‘मधुमेह’ एवढंच लिहिलेलं वाचून एखादा पोरगा आजीला काढा करून देईल, याची मला जास्त धास्ती वाटते. पुढे ‘विषारी’ हा शब्द घाला.

आता नरक्या.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण समितीतल्या तरुण सदस्यांना तो ओळखता येत नाही हे माझ्या लक्षात आलंय. मोठा वृक्ष नव्हे. दोन-तीन पुरुष उंचीचं झाड, क्वचित त्याहून उंच. पान हाताच्या पंजाहून मोठं, देठाकडे थोडं तिरकं, एक बाजू खाली आणि एक वर. साल राखाडी, खरबरीत. पान गळालं की फांदीवर त्याची खूण ठसठशीत राहते. पावसाळ्यात बारीक पिवळट-पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि मग झाड शोधावं लागत नाही, नाक सांगतं. कुजलेल्यासारखा वास. नरक्या हे नाव त्या वासावरूनच पडलं. त्याच झाडाला अमृताही म्हणतात. नरक आणि अमृत एकाच खोडावर ठेवणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. फळ आधी तांबूस, मग काळं-जांभळं, लहान जांभळासारखं, आत एकच बी. नर आणि मादी फुलं बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात, काही झाडांवर दोन्ही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

याच्या औषधाची गोष्ट तर निम्मी आपल्याच माणसांची. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबईत शिकून पुढे अमेरिकेत गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना १९६६ मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. पेशी फुटून दोन होण्याआधी तिच्यातल्या डीएनएचा पीळ सुटावा लागतो. तो सोडवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) हे द्रव्य जागच्या जागी अडकवतं, आणि भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी मरते. हे कसं होतं ते कळायला १९८५ साल उजाडलं. त्याआधीच, १९७२ मध्ये, मुंबईत गोरेगावच्या प्रयोगशाळेत गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं होतं. आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याच्यापासून केलेली दोन औषधं, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन, बाजारात आली. एक अंडाशयाच्या कर्करोगावर, दुसरं मोठ्या आतड्याच्या.

त्याच सुमाराला तुमच्या आमच्या डोंगरात कुऱ्हाडी यायला लागल्या.

इथे एक हिशेब मांडतो. सदाफुलीचा सुका पाला साधारण ५०० किलो घेतला तर त्यातून व्हिनब्लास्टिन निघतं एक ग्रॅम. एक. नरक्याचं सुकं लाकूड १०० किलो घेतलं तर कॅम्प्टोथेसिन शंभर ग्रॅमच्या घरात निघू शकतं. झाडाझाडात फरक पडतो, कुठे कमी, कुठे दुप्पट-तिप्पट. सदाफुलीकडून शंभर ग्रॅम मागितले तर ५० टन पाला लागेल. द्रव्यं वेगळी आहेत, सरळ तुलना होत नाही, हे कबूल. पण व्यापाऱ्याच्या डोक्यात तुलना अशीच होते. सदाफुलीत एवढं कमी सापडतं, की रानोमाळ फिरून ती गोळा करणं कुणाला परवडणारच नव्हतं. म्हणून तिची शेती झाली. तामिळनाडूत तिरुनेलवेलीकडे कोरडवाहू शेतकरी ती एकरांनी लावतात, पाला ओरबाडतात, मुळं खणतात, पुन्हा बी फेकतात. वर्षाचं पीक. नरक्यात भरपूर सापडलं. लावा, वाढवा, वाट बघा असं म्हणायची कुणाला गरजच पडली नाही. आयतं उभं होतं.

आणि ते कुणी तोडलं, हे मी तुमच्यावर ढकलून मोकळा होणार नाही. माझ्या मामानं तोडलं.

मामाचं गाव भुदरगडात. घराच्या मागे तीन एकर मालकीचं रान, त्यात ऐन, जांभूळ, अंजनी आणि ओढ्याकडेला नरक्या. सन २००० च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा कॉलेज संपवून नुसताच फिरत होतो. घाटाखालून एक माणूस यायचा, बोलायला गोड, हातात नेहमी डायरी. सुकलेल्या लाकडाला किलोला सात रुपये. मामाला तो दर ऐकून हसूच आलं होतं. “आरं, ह्या वास मारणाऱ्या झाडाला कोण पैसं देतंय? घेऊन जा म्हणावं.” मीही दोन दिवस कामाला होतो. कुऱ्हाडीनं झाड पाडायचं, मग पहारीनं बुडखा खणायचा, कारण मुळाला जास्त मागणी. बुडखा राहिला असता तर कोंब फुटले असते, नरक्या फुटतो. पण खड्ड्यातून काय फुटणार? कोयत्यानं बोटाएवढे तुकडे करून खळ्यावर वाळत घालायचे. ओलं लाकूड पांढरं-पिवळसर दिसायचं आणि उन्हात दोन दिवसांत मळकट व्हायचं. मामाचं लक्ष रंगाकडे नव्हतं, वजनाकडे होतं. “ओलं शंभर भरलं हुतं, वाळून चाळीस झालं की रं,” म्हणून तो त्या माणसावर नव्हे, उन्हावर चिडायचा. दोन हंगामांत ओढ्याकडेची सगळी झाडं गेली. त्या पैशात सोप्याची कौलं बदलली आणि एक म्हैस आली. परवाना-बिरवाना हा शब्द त्या अंगणात कुणी काढला नाही, मीही नाही.

म्हैस केव्हाच गेली. मामाही गेला. मामी आहे. तीन वर्षांपूर्वी श्रावणात तिच्याकडे गेलो होतो, सोप्यात बसलो होतो, तर ती मध्येच म्हणाली, “पयल्यासारखा वास येत न्हाई बघ आता मागनं.” मला आधी कळेना, कसला वास. मग कळलं. लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक पावसाळ्यात नाकाला पदर लावून ती ज्याला शिव्या द्यायची, तो वास.

त्या दिवसापासून हे डोक्यात आहे. पुढच्या वर्षी मामीच्या शेजारच्या रानातून, मालकाला विचारून, पिकलेली फळं आणली. रोपवाटिकेवाला म्हटल्यावर मला वाटलं, हातचा मळ आहे. काजू रुजवतो, फणस रुजवतो, हे काय? फळं तशीच गरासकट पिशव्यांत टोचली. बुरशी आली, सगळी गेली. दुसऱ्या वर्षी साठ बिया घेतल्या. गर चोळून काढला, धुतल्या, सावलीत दोन दिवस ठेवल्या आणि वाळूच्या वाफ्यात लावल्या. वर पालापाचोळा. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, काही नाही. वाफा मोडून तिथे झेंडू लावायचं ठरवलं होतं, तेवढ्यात फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी वाळूला भेग दिसली. वाकून बघितलं तर हिरवट दोरीसारखा वाकलेला देठ, डोकं अजून मातीत. शिमग्यापर्यंत अशा तेवीस भेगा मोजल्या. मग कोल्हापूरचा एप्रिल. हे झाड वाढतं कुठे, तर गगनबावड्यासारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माझ्याकडे त्याला शेडनेट, दिवसातून तीन वेळा फवारा आणि त्याच्याच रानातली दोन घमेली माती. तरी चार दगावली. एकोणीस उरली.

सदाफुलीची एकोणीसशे रोपं तेवढ्या जागेत आणि तेवढ्या पाण्यात मी तीन वेळा काढली असती. माझ्या मुलानं मला हे दोनदा ऐकवलंय.

ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते आता मागतो.

पहिलं मागणं वहीचं. नरक्याची नोंद करा, नीट करा. नुसतं नाव लिहून भागणार नाही. किती झाडं, त्यातली फळ धरणारी किती, लहान रोपं खाली दिसतात की नाही. फळ धरणाऱ्या झाडाच्या आसपास नर झाड उरलंय का, तेही बघा, कारण एकेकटं उभं राहिलेलं मादी झाड फुलेल, वास मारेल आणि तसंच म्हातारं होईल. फुलात असताना गुराख्याला बरोबर घेऊन गेलात तर एका दिवसाचं काम आहे. वासावर जायचं. जागा मात्र वहीत उघड लिहू नका. गट नंबर, ओढ्याचं नाव घालून नकाशा काढलात तर तो डायरीवाल्या माणसाच्याच उपयोगाचा होईल. तस्करी थांबलेली नाही, नरक्याची पोती पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. जागांची यादी समितीच्या कुलुपात राहू दे.

दुसरं फळांचं. दसरा झाला. आता फळं काळी व्हायला लागतील आणि पाखरं आपल्याआधी पोचतील. पाखरांचा वाटा ठेवून जी मिळतील ती आणा. एका झाडाची सगळी बी एका वाफ्यात लावू नका, चार ठिकाणच्या झाडांचं मिसळा. रोपं तुमच्या गावातच करा. माझ्याकडे नको, हे मी धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतोय. तुमच्या हवेत त्याला शेडनेट लागणार नाही. बचत गटाच्या बायका भाताचं तरू टाकतात, गादीवाफे करतात, त्यांना यातलं शिकवायचं काय? फक्त तीन महिने वाफा मोडायचा नाही, एवढं सांगा. काही अडलं तर शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग आहे, सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांसारख्या दुर्मीळ झाडांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. जाऊन भेटा. ते गावातून आलेल्या माणसाला चहा पाजतात, हा माझा अनुभव.

आणि रोपं झाली की ती कुठे लावायची? अभयारण्यात नको, तिथे वनखातं आहे. तुमच्या देवराईत, जिथे कुऱ्हाड आजही बिचकते. ओढ्याच्या काठाला, मालकीच्या बांधावर, जुन्या खड्ड्यांत. शाळेसमोर गुलमोहोराऐवजी लावू नका, हेडमास्तर वासानं हैराण होतील आणि दोष माझ्यावर येईल.

आता पैशाचा प्रश्न, कारण तो विचारल्याशिवाय ग्रामसभा उठत नाही आणि उठूही नये. मामाला सात रुपये मिळाले, तेव्हा ना ग्रामसभेला विचारलं गेलं, ना गावाच्या खात्यावर एक पैसा आला. आज तुमच्याकडे ४१ वं कलम आहे. तुमच्या हद्दीतून धंद्यासाठी कुणी असं काही गोळा करत असेल तर त्याच्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार समितीला आहे. राज्याच्या जैवविविधता मंडळानं आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानं अशा बाबतीत तुमचं मत घ्यायचं, असं कायदा म्हणतो. पण जे वहीतच नाही त्याचं शुल्क कशाच्या आधारावर मागणार? आणि ज्याच्यापुढे ‘जळण’ लिहिलंय त्याचं किती मागणार?

उद्या कुणी येऊन म्हणेल, नरक्याची लागवड करा, आम्ही पाला घेतो, फांद्या घेतो. येऊ दे. पानांतही हे द्रव्य असतं, कमी असतं, पण असतं. बुडखा राखून छाटणी करता येते. पाटगावानं डोंगर न तोडता मधावर नाव काढलंच की, ते तर तुमच्यातलंच गाव. मी नरक्यावर श्रीमंत व्हा असं सांगत नाही, या झाडाला वेळ लागतो आणि मी त्याचे भाव बघून बोलत नाही. लागवड करायची तरी आधी बी पाहिजे, आणि बी असलेली झाडं आज तुमच्याच डोंगरात आहेत, माझ्या मामाच्या नाहीत.

हे झाड जगातून संपलंय असं सांगून मी तुम्हाला घाबरवणार नाही. केरळपर्यंतच्या सगळ्या घाटात ते आहे, श्रीलंकेत आहे, पार तैवानपर्यंत आहे. तरी अभ्यासकांनी आपल्याकडे त्याला धोक्यातल्या झाडांत धरलंय. मामीच्या परसापुरतं म्हणाल तर ते संपलेलंच आहे.

माझ्याकडच्या एकोणीस रोपांतली सहा मामीच्या ओढ्याला जायची आहेत, ती मी बाजूला काढलीत. राहिली तेरा. आत्ता गुडघ्याएवढी आहेत, येत्या जूनपर्यंत कमरेला लागतील. ज्या समितीला हवी असतील तिनं मृग निघाल्यावर यावं, एका गावाला दोनाच्या वर देणार नाही. पैसे नकोत. येताना नोंदवही घेऊन या आणि नरक्याचं पान मला दाखवा, मग रोपं गाडीत ठेवतो.

आपला,
पन्हाळा रोडचा एक रोपवाटिकावाला
कोल्हापूर

ता. क. : ज्या गावच्या वहीत सदाफुली दोनदा आहे त्यांनी एकतिसाव्या नंबरची ‘बारमासी’ पेनानं खोडावी, पान बदलत बसू नये. तेवढ्या रकान्यात नरक्या बसतो.